टॉवर, पायथ्यासकट

करी रोडच्या पुलावर सकाळचे साडेसहा वाजलेत. दिवाळी आठवड्यावर आलीय. लालबागच्या बाजूच्या चाळींत काही घरांनी आकाशकंदील आत्ताच टांगलेत आणि ते अजून विझवायचे राहिलेत. पुलाखालून स्लो लोकल सुटते, कठड्यावरच्या हाताला थरथर कळते. भाच्यानं ट्रायपॉड लावलाय, बोट बटणावर आहे. मी त्याला थांबवतो. गाडी चिंचपोकळीकडं जाईपर्यंत पूल हलत राहणार, आणि या उजेडात शटर अर्धा सेकंद उघडं राहतं. तेवढ्यात सगळ्या कडा पुसट होतात.

समोर पश्चिमेला लोअर परळ. सूर्य आमच्या पाठीमागून, शिवडीच्या बाजूनं वर येतोय, पण पुलावर तो पोचलेला नाही. तो आधी पोचतो वर्ल्ड वन टॉवरच्या माथ्यावर. वरच्या चार-पाच मजल्यांची काच एकदम तांबूस होते आणि मग ऊन मजला-मजला खाली उतरायला लागतं. खाली चाळी, गोदामं, पत्र्याची छपरं अजून निळसर सावलीत. माथा आणि पायथा यांच्या उजेडात इतका फरक आहे की एका फोटोत दोन्ही नीट येत नाहीत. माथ्याच्या हिशेबानं घ्यावं तर चाळी काळ्या पडतात, चाळींच्या हिशेबानं घ्यावं तर काच पांढरी फटक होते. ऊन इमारतीच्या अर्ध्यावर आलं की सावलीतही आभाळाचा उजेड पुरेसा भरतो. त्या पाच-सात मिनिटांसाठी आम्ही इथं आलोय.

पाऊस नुकताच गेलाय, म्हणून हे जमतंय. डिसेंबरात हाच देखावा बांधकामांच्या धुळीनं आणि धुरक्यानं करडा होऊन जातो. काचेवर आभाळाचा खरा निळा रंग उतरतो तो या दिवसांत किंवा जुलै-ऑगस्टातल्या एखाद्या उघडिपीत.

वर्ल्ड वन श्रीनिवास मिलच्या जमिनीवर उभा आहे. लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडचे वास्तुकार आय. एम. पेई यांनी स्थापन केलेल्या पेई कॉब फ्रीड या न्यूयॉर्कच्या कंपनीनं त्याचा आराखडा केला. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचा सांगाडा उभा करणाऱ्या लेस्ली रॉबर्टसन यांच्या कार्यालयानं याचाही सांगाडा बेतला. मूळ बेत ४४२ मीटरचा होता. विमानतळ प्राधिकरणानं तेवढी उंची मान्य केली नाही, म्हणून टॉवर २८० मीटरवर थांबला. हे मी भाच्याला सांगतो, कारण इमारतीबद्दल काही माहीत नसताना काढलेला फोटो नुसता आकार दाखवतो.

भाचा लालबागचा. त्याचा कॅमेरा घडला तो गणपतीच्या आगमनात. चिंचपोकळीच्या पुलावर चिंतामणीचं आगमन असतं तेव्हा माणसांपेक्षा कॅमेरे जास्त वाटतात, आणि त्या गर्दीत दोन्ही हात डोक्यावर ताणून, स्क्रीनकडं न बघता अचूक फोटो काढणारी ही पोरं आहेत. त्यांच्या हाताला वरच बघायची सवय आहे. टॉवरसमोरही तो तेच करतो, कॅमेरा उचलून वर रोखतो. फोटोत टॉवरच्या दोन्ही कडा माथ्याकडं जवळ येतात आणि इमारत मागं कलल्यासारखी दिसते.

"मामा, भारी दिसतंय की! उंची कळते."

दिसतं भारी, हे खरं आहे. पण गवंडी भिंत ओळंब्यात घेतो. इंजिनिअरांनी २८० मीटर एका रेषेत नेलेली इमारत फोटोत कलंडलेली का दाखवायची? सेन्सर आणि भिंत एकमेकांना समांतर असली की उभ्या रेषा उभ्याच राहतात. कॅमेरा वर रोखला की ते बिघडतं. मी माझी जुनी टिल्ट-शिफ्ट लेन्स बॅगेतून काढतो. बोरा बाजारात वापरलेली मिळाली होती, रिंग थोडी घट्ट आहे. कॅमेरा पाणसळीत सरळ ठेवायचा आणि लेन्स तेवढी आपल्या खाचेत वर सरकवायची. भाचा स्क्रीनवर बघतो. कडा सरळ होतात आणि टॉवर ताठ उभा राहतो.

"आणि ही लेन्स नसली तर?"

तर मागं जायचं, कॅमेरा सरळच ठेवायचा आणि फोटो कापून घ्यायचा. तो तसं करून बघतो. आता चौकटीचा अख्खा खालचा अर्धा भाग रूळ, तारा, चाळीचं कौल, वाळत घातलेले कपडे आणि पुलावरून स्टेशनकडं धावणारी माणसं यांनी भरलाय.

"एवढी चाळ का येतेय, मामा?"

कॅमेरा सरळ ठेवला की जमीन येतेच. मान वर केली की ती सुटते. मुंबईच्या टॉवरांचे जाहिरातीतले फोटो बघा. इमारत ढगांतून वर आलेली, खाली हिरवळ, शेजारी कुणी नाही. इथल्या टॉवरला शेजारी नाही, असं होऊच शकत नाही. पायथा कापलेला फोटो कितीही देखणा असो, तो मला या शहराचा वाटत नाही. म्हणून मी त्याला एकच सांगतो, खालचा अर्धा भाग कापू नकोस.

ऊन अर्ध्यावर येतं. तीन वेगवेगळ्या उजेडांचे तीन फोटो, पाठोपाठ. मधेच अंबरनाथ फास्ट धडधडत जाते आणि आम्ही पुन्हा थांबतो.

डिलाईल रोडला, म्हणजे ना. म. जोशी मार्गाला, येतो तेव्हा आठ वाजून गेलेत. इथला पूल २०१८ मध्ये बंद झाला आणि पुरा खुला व्हायला २०२३ उजाडलं. पुलाच्या चढावरून बीडीडीच्या चाळी दिसतात. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या या इमारती, खोली १६० चौरस फुटांची. इथं अशा ३२ होत्या. त्या काळी काँक्रीटचं घर हीच नवलाई होती, तेव्हा आधुनिक वास्तुकलेचा गिरणगावातला पहिला धडा यांनाच म्हणायला हरकत नाही. आता म्हाडा त्या जागी ५०० चौरस फुटांची घरं असलेले टॉवर बांधतेय. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. भाच्याच्या एका मित्राच्या घरचे त्यात आहेत. तो म्हणतो, पहिले काही दिवस मित्राची आजी खिडकीजवळ जातच नव्हती.

फुटपाथवर उभं राहून एका काचेच्या इमारतीचा फोटो घेताना सुरक्षारक्षक येतो. "फोटो अलाउड नहीं है, भाईसाब." इमारतीचं नाव इथं महत्त्वाचं नाही, असं सगळीकडं होतं. भाचा लगेच कॅमेरा खाली करतो. मी नम्रपणे सांगतो की आम्ही सार्वजनिक रस्त्यावर आहोत, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो काढणं आणि छापणं हा हक्कभंग ठरत नाही. आवारात शिरायचं तर परवानगी हवी, ते बरोबरच. रक्षकही वाद घालत नाही. बारा तासांची ड्यूटी आहे त्याची, वरून फोन आला की खाली त्यालाच यावं लागतं. कायदा पाठ असावा, आवाज चढवू नये. एक फोटो त्याला दाखवतो. तो पंधराव्या-सोळाव्या मजल्यावर बोट ठेवून सांगतो की तिथं रात्री लाइट लागतच नाही, घर घेतलेलं आहे पण राहत कुणी नाही.

पुढं प्रभादेवी स्टेशन. एल्फिन्स्टनचा पूल १२ सप्टेंबर २०२५ ला बंद झाला आणि पाडकाम सुरू झालं. शंभरी ओलांडलेला पूल. त्याच्या जागी दुमजली पूल होणार आणि शिवडी-वरळी जोडरस्ता तिथून अटल सेतूकडं जाणार. पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून लोक वाकून बघतात, मोबाइल आत घालून फोटो घेतात. याच स्टेशनच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. मी इथं कॅमेरा काढत नाही. भाचा काढतो, आणि त्यानं काढायलाच हवा. दोन्ही बाजूंना काचेच्या कचेऱ्या आणि मधे तुटलेला पूल, त्याच्या चौकटीत सगळं आलंय.

दादरला कोहिनूर स्क्वेअर लांबूनच दिसतो. शिवसेना भवनासमोर, कोहिनूर मिलच्या जागेवर, २०३ मीटर. संदीप शिक्रे यांच्या कार्यालयानं तो बेतलाय. या भागात तो कुठूनही चौकटीत येतो, त्यामुळं त्याचा वेगळा फोटो घ्यावा असं मला वाटत नाही. मला गाठायचंय ते गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च, आणि तेही उन्हं डोक्यावर असताना.

दादरकराला 'पोर्तुगीज चर्च' हा बसस्टॉप म्हणून माहीत असतो. आत गेलेले थोडे. आवर लेडी ऑफ साल्व्हेशन हे त्याचं नाव. पोर्तुगीज पाद्र्यांनी इथं सोळाव्या शतकाच्या अखेरीला देऊळ उभारलं. आजची इमारत सत्तरच्या दशकातली, चार्ल्स कोरिया यांची. दिवाळीच्या खरेदीची गर्दी फाटकाबाहेर राहते. मिस्सा आटोपलीय. आम्ही कार्यालयात विचारतो, फ्लॅश न वापरण्याच्या आणि प्रार्थनेला बसलेल्यांचे चेहरे न घेण्याच्या बोलीवर होकार मिळतो.

बाहेरून टोकदार मनोरा नाही, कमानी नाहीत. काँक्रीटची मोठी कवचं आहेत, वर निमुळती होत गेलेली आणि माथ्याशी कापल्यासारखी. आत एकच एक लांबट सभागृह नाही. एका कवचाखालची जागा दुसऱ्या कवचाखालच्या जागेत मिसळते, मधे आभाळाला उघडी अंगणं येतात. आपण आत आहोत की बाहेर हे दोन पावलांवर बदलत राहतं. गरम हवा वर चढते आणि कवचाच्या माथ्यातून निघून जाते. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजतंय, आणि इथं बाकावर बसल्यावर मानेवरचा घाम सुकतो.

मी कॅमेरा जमिनीवर, अगदी फरशीवर, आभाळाकडं तोंड करून ठेवतो. सकाळी भाच्याला वर रोखू नको म्हणालो होतो, तो मिस्कील हसतो. पण इथं वर बघण्यासाठीच हे कवच बांधलंय. इथं सेन्सर फरशीला समांतर ठेवला की माथ्याचं वर्तुळ नेमकं वर्तुळ येतं, जरा तिरपा झाला की अंडाकृती होतं. उजेड माथ्यातून आत येतो आणि कवचाच्या आतल्या अंगावरून खाली घसरतो. काँक्रीट ओतताना लावलेल्या साच्याच्या खुणा त्या तिरक्या उजेडात उठून दिसतात. बोट फिरवलं तर त्या हाताला लागतात. एक बाई वाकून मेणबत्ती लावते, तिच्या साडीचा पदर उजेडाच्या कडेला येतो. भाचा कॅमेरा खाली ठेवून नुसता बघत बसतो. मला ते बरं वाटतं.

माझं मत विचाराल तर दादर ते लालबाग या पट्ट्यातली सगळ्यात थोर आधुनिक वास्तू ही आहे. आजूबाजूच्या टॉवरांपुढं ती ठेंगणी आहे, आणि फोटोत ती पकडायला टॉवरपेक्षा अवघड आहे. तिचा दर्शनी भाग एका चौकटीत मावत नाही, कारण ती दर्शनासाठी बांधलेलीच नाही. कोरियांना उंच इमारतीचं वावडं होतं असंही नाही. पेडर रोडजवळची त्यांची कांचनजुंगा १९८३ मध्ये पुरी झाली, ८४ मीटर, २८ मजले, अवघी ३२ घरं. मुंबईत वारा पश्चिमेचा, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची युक्ती आभाळात नेली. कोपऱ्याकोपऱ्याला दुप्पट उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या, म्हणजे घर आत सावलीत राहतं आणि वारा आरपार जातो. त्या गच्च्यांतल्या सावल्या फोटोत काळ्याभोर येतात आणि इमारत कोरीव दिसते. सपाट काचेच्या टॉवरवर अशी सावली पडत नाही. तिथं वारा आत घेण्याचं काम यंत्राकडं दिलेलं असतं.

अंगणातल्या कठड्यावर बसून मी भाच्याला पुढची गोष्ट सांगतो. १९९६ मध्ये राज्य सरकारनं गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं यासाठी अभ्यासगट नेमला, त्याचे प्रमुख हेच कोरिया. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते. गिरण्या त्यातून पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मागं उरली सुमारे सहाशे एकर जमीन, शहराच्या मधोमध. खासगी गिरण्यांचे दरवाजे या गटाला उघडले नाहीत, त्यांना सरकारी गिरण्याच पाहता आल्या. तुकड्यातुकड्यानं न विकता सगळ्या जमिनीचा मिळून एक आराखडा करावा, मोकळ्या जागा आणि सर्वसामान्यांची घरं यांचे मोठे सलग वाटे काढावेत, असा त्यांचा रोख होता. स्टेशनाबाहेर पायी चालणाऱ्यांना मोकळी जागा ठेवायची कल्पनाही त्यात होती. तो अहवाल बाजूला राहिला. २००१ मध्ये नियम बदलला आणि सार्वजनिक वाटा फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीतून काढायचं ठरलं. गिरणीची शेड पाडून मोकळी झालेली जमीन हिशेबातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम कायम केला.

"म्हणजे मामा, सकाळी पुलावरून जे दिसलं, ते..."

ते या नियमाचं चित्र आहे. एकेक गिरणी, एकेक कुंपण, एकेक टॉवर, आणि मधे तोच जुना अरुंद रस्ता. टॉवर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यातले काही फार कसबानं बांधलेत आणि त्यांचे फोटो काढताना मला आनंद होतो. पण दोन टॉवरांच्या मधली जागा कुणीच बेतली नाही. कॅमेरा सरळ धरला की नेमकी तीच दिसते.

सिद्धिविनायकहून नवी मेट्रो पकडतो. गिरगावकडचा हा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. डब्यात अर्धे लोक कामाचे आणि अर्धे नुसते बघायला निघालेले. जमिनीखालून येताना वरचं वरळी-महालक्ष्मी काहीच दिसत नाही, आणि एकदम गिरगावच्या गजबजाटात डोकं वर निघतं.

गिरगावात अडचण वेगळीच. समोर पुनर्विकासाचा टॉवर उठतोय, हिरवी जाळी अर्धी उतरलीय, आणि गल्ली इतकी चिंचोळी की मागं सरकायला जागा नाही. इथं शिफ्ट लेन्सही पुरी पडत नाही. अशा ठिकाणी उपाय एकच, आपण वर जायचं. समोरच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून घेतलं की निम्मी इमारत आपल्या डोळ्यांच्या रेषेत येते आणि लेन्स फार सरकवावी लागत नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि चाळीची गॅलरी असताना त्याची गरजही नाही.

आम्ही लाकडी जिना चढतो. तिसऱ्या मजल्यावर एक आजी गॅलरीत आकाशकंदिलाची दोरी ओढून बघताहेत.

"आजी, इथून दोन फोटो काढू का? समोरच्या बिल्डिंगचे."

"काढा की. तिचे कशाला पण? बाळा, आधी तेवढी गाठ मारून दे वर, माझा हात पोचत नाही."

भाचा गाठ मारतो. मी कठड्याला कॅमेरा टेकवतो. समोर, आमच्याहून थोड्या उंचावर, पाळण्यात उभे राहून दोन कामगार काच बसवताहेत. एक जण सक्शनच्या मुठीनं काच धरतो, दुसरा कडेला रबर दाबत जातो. काचेत मावळतीचं ऊन आहे, आणि त्या उन्हात ही चाळ उलटी उमटलीय, खांब, वाळवणाच्या काठ्या, कंदील, आजीसकट. काच बसते, हलते, पुन्हा बसते. प्रतिबिंब क्षणभर मोडतं आणि जुळतं. भाचा दनादन फोटो घेतो.

"आमच्याही सह्या झाल्यात," आजी सांगतात. "पुढच्या वर्षी खाली करायचंय. तिकडं लिफ्ट आहे म्हणतात, गुडघ्यांना बरं. गॅलरी नाही तेवढी." मग त्या भाच्याच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावतात. "यात आमचा कंदील आला का?"

आलाय. भाचा मोठा करून दाखवतो. त्या पत्ता सांगतात, म्हणतात प्रिंट आणून दे, मोबाइलवर नको. तो लिहून घेतो.

हे वाचणाऱ्यांत कुणाची चाळ पुनर्विकासात निघाली असेल, त्यांना एक विनंती आहे. खोली रिकामी करण्याआधी गॅलरीत उभे राहा, फोन असो की कॅमेरा, सरळ धरा, आणि समोरचं जे दिसतं ते माथ्यापासून रस्त्यापर्यंत एका फोटोत घ्या. प्रिंट काढा. मागं तारीख, चाळीचं नाव आणि मजला लिहा. त्या उंचीवरून, त्या कोनातून तो फोटो पुन्हा कुणालाच काढता येणार नाही.